चौथी बशी

“सगळं पाणी ओतून दिलंस? थेंबसुद्धा ठेवला नाहीस?”

“शिळं होतं, बाई.”

“दही लावताना विरजणही शिळं म्हणून फेकतेस?”

डॉक्टर केतकीनं भागीरथीबाईंकडे न बघता पुढची बाटली उघडली.

चाळीस वर्षांपूर्वी बाई या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागल्या. पेशी वाढवायला त्यांना कुणी शिकवलं नाही; बघून शिकल्या. पदवी भिंतीला टांगता येते, हात टांगता येत नाही. केतकीला तेच सलायचं.

बशांमध्ये डोळ्याचा पडदा वाढत होता. मसुराच्या डाळीएवढा. केतकीच्याच कातडीपासून केलेला. तिची नजर कडेनं विझत चालली होती, फार तर दोन वर्षं उरली होती. तिच्यासाठीचं औषध आधी या पडद्यावर तपासून पाहायचं होतं.

बशा चार. परवा तिनं तीन बशांमधलं पेशी पोसणारं पाणी पूर्ण बदललं. तिन्ही वाया गेल्या.

“त्या पाण्यात पेशींनी एकमेकींना धाडलेले सांगावे होते,” बाई म्हणाल्या. “उजेड कुणी टिपायचा, बाजूला कुणी राहायचं, ते सांगावा कुठं कमी, कुठं जास्त, त्यावरनं ठरतं. म्हणून अर्धं पाणी जुनंच ठेवायचं.”

“सांगावा म्हणजे प्रथिनच ना? ते बाटलीत मिळतं.” केतकीनं नळी हातात घेतली. “चौथीत तिप्पट घालते. सगळ्या उजेडच टिपतील.”

बाईंनी बशीच्या झाकणावर तळवा ठेवला.

“नाही.”

“तुमचे डोळे धड आहेत. तुम्हाला बोलायला काय जातंय.”

बाई उठल्या आणि त्यांनी दिवा बंद केला.

खोलीला खिडकी नव्हती.

“बाई…?”

…

“बाई, दिवा लावा. मला हा अंधार इतक्यात नकोय.”

धाड.

स्टीलचा ट्रे. पुन्हा. पुन्हा. आवाज भिंतींतून आला, छतातून आला, पायाखालून आला. केतकी जागच्या जागी खिळली. कुठं वळावं कळेना. कानांवर हात ठेवले तरी तो आतच होता.

मग थांबला.

…

टक.

नखाचा आवाज. लाकडावर. असून नसल्यासारखा.

केतकीनं श्वास रोखला. एक पाऊल डावीकडे… आवाज बारीक झाला. मागे आली. उजवीकडे… जरा ठळक. आणखी एक पाऊल. आणखी एक.

बोटांना सुरकुतलेला हात लागला. तिनं तो घट्ट धरला.

बाईंनी दिवा लावला. केतकीचा चेहरा ओला होता. नळी अजून मुठीतच.

“माझ्याकडे वेळ नाही, बाई. थोडं तरी जास्त घालू द्या…”

बाईंनी ट्रे तिच्यासमोर ठेवला.

“हा इतक्या मोठ्यानं वाजत होता, तेव्हा का नाही आलीस?”