आजीची फुंकर

"म्हणजे चूक माझीच, असं म्हणायचंय ना तुम्हाला, माई?"

"मी अजून काहीच म्हटलं नाही, वल्लभ."

सगुणामाई मठाच्या ओसरीवर बसल्या होत्या, नाकातोंडावर छाटीचा पदर घट्ट बांधून. वल्लभ खाली, अंगणातल्या पायरीवर. लहानपणी याच ओसरीवर माईंनी त्याला अक्षरं गिरवायला शिकवली होती. आता तो परदेशातून मोठा डॉक्टर होऊन परतला होता. गावात फ्लूची साथ होती.

"आई दिवसभर मास्क लावते," तो म्हणाला. "पण माझ्या रेवाला भात भरवताना खाली ओढते. प्रत्येक घासावर फुंकर. मी नियम लिहून स्वयंपाकघरात कागद लावला."

"तुझ्या आईला, कावेरीला, वाचता येतं?"

"...नाही."

"मग भिंतीनं वाचला असेल."

वल्लभचे कान तापले. "वाचूनही दाखवला, माई! चार वेळा! शेवटी ओरडलो. तशी तिनं वाटी खाली ठेवली. म्हणाली, 'माझ्या श्वासात विष आहे का रे?' अन् खोलीत जाऊन बसली. दोन दिवस झाले. ती जेवत नाही. आणि रेवा दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. दोन वर्षांची पोर, नुसती दाराशी रडते..."

"तू भरव."

"मी दवाखान्यातून येतो. अकरा दिवस झाले, तिला मांडीवर घेतलं नाही. बाहेरच्या खोलीत झोपतो."

त्यानं वर माईंकडे पाहिलं.

"आई तुमचं ऐकते. तिला एवढंच सांगा, की मी म्हणतो ते खरं आहे."

"फुंकरीतून रोग जातो?"

"जातो."

"मग थांबवलंस ते बरंच केलंस."

वल्लभ बघतच राहिला. भांडायची तयारी करून आला होता तो.

"मग ती रुसली कशाला?" त्यानं विचारलं.

माई उठल्या. आतून कण्यांच्या पेजेची वाटी आणली, पायरीवर ठेवली आणि मागे सरून पुन्हा आपल्या जागी बसल्या.

"सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या. पी."

त्यानं मास्क उतरवला. वाटी उचलली. बोटं पोळली. त्यानं वाटी तोंडाशी नेली, ओठांचा चंबू केला आणि हलकेच फुंकर घातली. एकदा. दोनदा.

"कुणी शिकवलं?"

"काय?"

"हे."

वाटी तशीच हातात राहिली. पेजेवर साय धरू लागली...

चिंचेवर पोपट कलकलत होते.

"मला गोवर झाला होता," वल्लभ खाली बघत म्हणाला. "पाचेक वर्षांचा असेन. तोंडात सगळे फोड. ती घास निववून निववून... एकेक शीत..." त्यानं मान वर केली. "माई, मी तिच्याशी दवाखान्यातल्या पेशंटशी बोलावं तसं बोललो."

"पेशंटशी असं बोलतोस?"

"...नाही."

"पेज पी. निवली आता."

त्यानं पेज संपवली. नळाखाली वाटी धुतली, पालथी घातली. मास्क लावला. पण पाय निघेना.

"तिची फुंकर परत देता येणार नाही मला, माई. साथ संपेपर्यंत तरी नाही."

"नकोच देऊस."

माईंनी खुंटीवरचा वाळ्याचा पंखा काढला. दोनदा पाण्यात बुडवून झटकला. ओसरीच्या काठावर ठेवला आणि पुन्हा मागे सरल्या.

वल्लभनं पंखा उचलला. ओल्या वाळ्याचा गंध मास्कमधूनही आला.

"हा तिच्या हातात देऊ?"

"हं."

"आणि काय सांगू? फुंकरीतून जंतू किती उडतात, वाऱ्यानं ते..."

माईंनी हात वर केला. तो थांबला.

"काही सांगू नकोस, बाळ. घास गरम आहे, एवढंच म्हण."