उद्यापासून मुजरा कोणाला?

खारवलीच्या महाराजांनी बेटावर आठ दिवस मौजेला जायचं ठरवलं, आणि नेमकी निघायच्या सकाळी वादळाची चिन्हं दिसू लागली. लडकू तांडेलानं गलबत हाकारायला नकार दिला.

"वादळाला घाबरून आम्ही बेत मोडायचा?" गलबतात बसलेले महाराज गरजले. "चल, नाहीतर मुंडकं उडवीन!"

लडकूनं हात जोडले. "निघतो महाराज. फक्त उद्यापासून मुजरा कोणाला करायचा, तेवढं सांगून ठेवा."

महाराजांनी धक्क्याकडे पाहिलं. निरोप द्यायला आलेले धाकटे बंधू आबासाहेब आपली पगडी सरळ करत होते, आणि दरबारी मंडळी हळूहळू त्यांच्याकडे सरकत होती.

महाराज घाईघाईनं खाली उतरले.

"बेटावर डास फार असतात," ते म्हणाले, आणि वादळ येऊन थडकायच्या आत त्यांनी सगळ्यांच्या पुढे राजवाडा गाठला.