पितरांची नवी बोली

एका राज्यात नदीकाठी सातमजली राजवाडा होता, आणि त्यात राहणाऱ्या राजाला आपल्या आजोबांची लाज वाटत होती. राजाचे नाव धीरकेतू. आजोबांचे नाव मलकू नावाडी. जुना राजा निपुत्रिक वारला, तेव्हा हत्तिणीच्या सोंडेत माळ दिली गेली. हत्तीण सगळ्या सरदारांना ओलांडून घाटावर गेली आणि होडीतले पाणी उपसणाऱ्या मलकूच्या गळ्यात माळ टाकून मोकळी झाली. हत्तिणीला जाब कोण विचारणार? मलकू राजा झाला, आणि चांगला राजा झाला. पण नातवाने वंशावळीतून त्याचे नाव खरडून काढले आणि तिथे सूर्याचे नाव कोरले.

आता सूर्याच्या वंशजांना स्वतःची भाषा नको? राजाने नादभैरव मांत्रिकाला बोलावले.

“आमच्या पूर्वजांची भाषा घडव.”

“कोणत्या पूर्वजांची, महाराज?”

“तू भाषा घडव. पूर्वजांचे आम्ही बघू.”

मांत्रिकाने तीन वस्तू मागितल्या: आटलेल्या विहिरीतला प्रतिध्वनी, विझलेल्या चुलीची ऊब, आणि किल्ली हरवलेल्या कुलपाचा आवाज. दूतांनी तिन्ही आणून दिल्या. त्यांतून त्याने चाळीस ध्वनी केले. नऊ ध्वनी श्वास आत ओढून काढायचे, तीन ओठ न हलवता. या भाषेत आधी कृती सांगायची, कर्त्याचे नाव अगदी शेवटी. जे सांगायचे ते घडून गेलेले, कारण पूर्वजांचे सगळे घडूनच गेलेले असते. लिंगे तीन: उभ्यांचे, आडव्यांचे आणि गेलेल्यांचे. माणसांना तिसरेच लावायचे.

राजा हरखला. दरबाऱ्यांनी महिनाभर घोकंपट्टी केली आणि भर सभेत एकमेकांच्या तोंडावर थुंकी उडवली. राजकन्या शारिका मात्र ती भाषा खरोखर बोलू लागली. ती हुशार होती, आणि वडिलांना आनंद होतो एवढे कारण तिला पुरे होते.

तिसऱ्या महिन्यात तिची सावली पडेनाशी झाली. दासींना वाटले, उन्हाचा दोष असेल.

मग भरदुपारी, पंगतीत, सर्वांसमक्ष ते घडले. शारिकेने घास उचलला, तोच खिडकीतून एक डोमकावळा आला, तिच्या ताटात बसला आणि भात खाऊ लागला. वाढप्याच्या हातातली पळी खाली पडली. जिवंत माणसाच्या ताटात कावळा बसतो, हे कोणी पाहिलेले नव्हते.

“हाकला त्याला.”

कावळा म्हणाला, “मी पितरांच्या पानावर बसतो, राजा. हे पान पितराचेच आहे.”

राजाने मुलीचा हात धरला. तो घाटाच्या पायरीसारखा गार होता. राजा ओरडला, “शारिके, बोल माझ्याशी.”

ती श्वास आत ओढून बोलली, “ख्लाम वोन शारिका.” त्याचा अर्थ होता, गेली शारिका.

नादभैरवाला धरून आणले. त्याचाही चेहरा उतरला होता.

“महाराज, आपण पूर्वजांची भाषा मागितलीत, पण तिला पूर्वज दिले नाहीत. भाषा रिकाम्या घरात राहत नाही. ती आपले पूर्वज आपणच करू लागली आहे.”

“मोड ती.”

“मला ती घडवता आली, मोडता येत नाही. जागेचा खरा धनी आला तरच ती जागा सोडेल. आज सर्वपित्री. सूर्य मावळण्याआधी आपल्या पितराच्या पिंडाला कावळा शिवू द्या.”

घाटावर पिंड मांडला. शारिकेला पालखीतून आणले. सगळे नगर लोटले.

पहिल्यांदा राजाने चाळीसही ध्वनी लावून सूर्याचे आवाहन केले. कावळा खांबावर बसून राहिला. शारिकेच्या बोटांतून पलीकडचे पाणी दिसू लागले.

दुसऱ्यांदा राजाने, पिंडाला कावळा शिवला नाही की लोक करतात तसे, मोठ्याने वचन दिले. सोन्याचा कळस चढवीन, हजार गाई दान देईन. कावळ्याने चोच पुसली. आता शारिकेच्या खांद्यातून पलीकडची होडी दिसत होती. उपाध्याय हळूच म्हणाले, “दर्भाचा कावळा करून शिववू का?”

“खोटे पुरे झाले,” मांत्रिक म्हणाला.

सूर्य झाडांना टेकला. तिसऱ्यांदा राजाने मुकुट काढला आणि चिखलात गुडघे टेकले.

“मलकू नावाडी, माझे आजोबा,” तो म्हणाला. नगरातल्या तरुणांनी हे नाव कधी ऐकलेच नव्हते. “तुमचे नाव मी पुसले. उद्या माझ्या हाताने कोरीन. या मुलीला नेऊ नका.”

कावळा म्हणाला, “पैलतीरावर आहे तो. इतक्या हळू बोललेले त्याला ऐकू कसे जाईल?”

तेव्हा राजाने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि नावाड्याला ऐलतीरावरून मारतात तशी हाक मारली. “होऽऽ नाववाऽऽले, होऽऽ!” राजाच्या गळ्यातून असला आवाज निघालेला ऐकून सेनापतीने मान खाली घातली. हाक पाण्यावरून गेली. पलीकडे कोणी दिसले नाही, पण हाकेला ओ आली. ती सगळ्यांनी ऐकली.

कावळा झेपावला आणि पिंडाला शिवून उडाला. चाळीस ध्वनी शारिकेच्या तोंडातून वाफ निघावी तसे निघून गेले. तिने श्वास बाहेर सोडला. सावली पायाशी येऊन पडली. राजाने तिला पोटाशी धरले आणि तो सगळ्यांसमोर रडला.

“मलकू कोण?” तिने विचारले.

“माझे आजोबा. होडी चालवायचे.”

“मला कधी सांगितले नाहीत.”

“लाज वाटली.”

शारिकेने आपला हात त्याच्या हातातून सोडवून घेतला, पण त्याच्याजवळून उठली नाही.

बोली सुटली, नाव कोरले गेले, राज्य मार्गी लागले. ज्याचे त्याचे पितर ज्याला त्याला लाभोत, आणि कावळा ज्याच्या त्याच्या पानावरच बसो.