हात लावण्याआधी

एकदा एका नदीने एका गावातला एक तरुण नेला.

पुराचं पाणी फरशीपुलावरून वाहत होतं. एक अनोळखी म्हातारी पलीकडे जायला घाबरत होती. त्याने तिचा हात धरला आणि तिला पार नेऊन सोडलं. तिचं बोचकं अलीकडेच राहिलं होतं, ते आणायला तो परत निघाला. म्हातारी मागून ओरडली, "राहू दे रं लेकरा, चिंध्याच हायत त्यात." तो वळून हसला. "भिऊ नका मावशी, हाय की मी!" म्हणाला, आणि त्याचा पाय सरकला.

काठावरच्या कुणीतरी हे फोनवर टिपलं होतं. पुढे कुणीतरी त्यातली म्हातारी कापली, बोचकं कापलं. उरलं ते एवढंच: एक हसरा चेहरा, 'हाय की मी!' आणि सरकणारा पाय.

प्रेत सापडण्याआधी तो व्हिडिओ गावोगाव पोहोचला होता. फलंदाजाचा त्रिफळा उडाला की लोक लिहायचे, 'हाय की मी!' पुढारी निवडणुकीत पडला की त्याच्या फोटोखाली तेच. परीक्षेत नापास झालेली पोरं स्वतःच सांगायची, 'आमचं हाय की मी झालं.' त्या हसऱ्या चेहऱ्याचं स्टिकर निघालं. ज्या घरातून तो गेला, त्या घरच्या आईच्या कानावर हे शब्द शेजारच्या टीव्हीवरून, रस्त्यावरून, लग्नाच्या मांडवातून येत. तिने खिडक्या लावून घेतल्या, तरी येत.

त्याचा धाकटा भाऊ एका वृद्धाचा शिष्य होता. बुडालेल्यांना वर काढणं हे त्या वृद्धाचं काम. थोरल्यालाही त्यानेच काढलं. बाभळीच्या मुळांत प्रेत अडकलं होतं. वृद्ध त्याच्याजवळ गेला, पण त्याने लगेच हात लावला नाही. गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभा राहून म्हणाला, "अंकुश, ए अंकुश. चल बाळा, घरी जायचं." मगच त्याने काखेत हात घातले. प्रत्येक वेळी तो असंच करायचा. शिष्याने कारण कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी तर विचारायचं भानच नव्हतं.

एके दिवशी शिष्य स्टँडवरच्या चहाच्या टपरीसमोरून जात होता. बाकावर चार पोरं फोनवर सामना बघत होती. गडी बाद झाला आणि एक पोरगा उठून, एक पाय मुद्दाम घसरवत ओरडला, "भिऊ नका मावशी, हाय की मी!" बाकीची पोट धरून हसली.

शिष्य घरी गेला. पाण्यात शोधायचा लोखंडी आकडा घेऊन परत आला. त्याचा चेहरा पाहून टपरीवाल्याने वृद्धाकडे माणूस पिटाळला. वृद्ध पोहोचला तेव्हा त्या पोराची कॉलर शिष्याच्या मुठीत होती आणि आकडा वर उचललेला होता.

"म्हातारबा, आवरा की याला!" लोक म्हणाले.

वृद्ध शांतपणे बाकावर बसला. म्हणाला, "मार त्याला."

 शिष्य चपापला.

"मार. पण आपली रीत मोडू नको. हात लावायच्या आधी काय करतोस?"

  शिष्याने दात आवळून विचारलं, "नाव काय तुझं?"

"हर्षवर्धन."

"घरात काय म्हणतात?" वृद्धाने विचारलं.

पोरगा रडायला लागला होता. "हर्षू. आई हर्षू म्हणते."

आकडा खाली आला. शिष्य तिथेच जमिनीवर बसला.

वृद्ध म्हणाला, "पुराच्या पाण्याखाली काही दिसत नाही. हाताला लागलं ते लाकूड की माणूस, कळत नाही. मी तरणा होतो तेव्हा नुसताच ओढायचो. एकदा एका पोरीचा खांदा निखळला माझ्या ओढण्यानं. तिचा बाप काठावर होता, त्यानं बघितलं. तेव्हापासून आधी नाव घेतो. नाव घेतलं की हात आपोआप बेतानं पडतो. ह्या पोरांनी तुझ्या भावाला नाव न घेता उचलला, ओंडका उचलावा तसा. आणि तूही ह्याला तसाच उचलायला आला होतास."

"पण ते थांबणार न्हाई, नाना," शिष्य म्हणाला. "उद्या परत कुणीतरी म्हणंल."

"म्हणंल. ते माझ्या हातात न्हाई, तुझ्याही न्हाई."

हर्षवर्धन कॉलर सावरत उभा होता. त्याने हळूच विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

शिष्याने सांगितलं.

शब्द थांबले नाहीत. नवे पुढारी पडले, नवे फलंदाज बाद झाले. आईने खिडक्या उघडल्या नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात पुलाखाली आणखी एक प्रेत वाहत येऊन अडकलं. वृद्धाला आता पाण्यात उतरणं होत नव्हतं, म्हणून शिष्य एकटाच उतरला. काठावर गर्दी होती आणि सगळ्यांचे फोन वर होते. प्रेताजवळ पोहोचून तो थांबला आणि ओरडला, "नाव काय ह्याचं?"

कुणालाच माहीत नव्हतं. "अरे, ओढ की लवकर!" कुणीतरी म्हणालं. कुणीतरी हसलंही.

त्या गर्दीतून एक फोन खाली आला. हर्षवर्धनने तो खिशात घातला आणि नाव विचारायला तो नदीच्या वरच्या अंगाच्या गावाकडे पळत सुटला.

तो परत येईपर्यंत शिष्य थंड पाण्यात त्या प्रेताशेजारी उभा राहिला. त्याने हात लावला नाही.