वाटेवरची धूळ कोणाची?

मुलांनो, चूक म्हाताऱ्या अस्वलाची होती. ते वयानं मोठं होतं म्हणून ती झाकायचं कारण नाही. एका माळालगतच्या जंगलात ते राहत असे. वारुळं खणायला त्यानं रानडुकरं कामाला ठेवली होती, पण त्यांच्या गुरगुरण्यानं दुपारची झोप मोडते म्हणून त्यांना माळापलीकडे राहायला लावलं होतं. बिचारी रोज धूळ उडवत यायची, धूळ खात परत जायची. शिवाय 'कामानिमित्त' अस्वलाच्या नदीकाठी फेऱ्या चालत, त्या वेगळ्याच. मागे निम्मा कळप असल्याशिवाय त्याला रुबाब वाटत नसे.

ज्याच्या कामानं जास्त धूळ उडते, त्यानं ती उन्हाळ्याच्या तोंडाशी सभेत सांगायची आणि हत्तींनी त्याच्या वाटेवर सोंडेनं पाणी मारायचं, अशी तिथली रीत होती. सभेआधी कळपातली सगळ्यात जुनी डुकरीण खोकत खोकत अस्वलाकडे गेली. "मालक, या खेपेला आमच्या वाटेची धूळपण सांगा. छाती भरून येते."

"वाट काय माझी आहे? घरून निघालीस की तुझी धूळ तुझी. माझ्या दारात पोचलीस की माझी."

"आणि तुमच्या फेऱ्यांची?" तिनं विचारलं. अस्वलानं पाठ फिरवली.

सभेत त्यानं सांगितलं की आपल्या अंगणात धूळ नावालाही नाही. ते खरंच होतं, अंगण डुकरंच झाडायची. जाणत्यांनी माना डोलावल्या. कोण कुठून येतं, हे एकानंही विचारलं नाही. मोठ्यांना एकमेकांची स्तुती करायला मात्र भरपूर वेळ असतो. "मालक असावा तर असा," हत्ती म्हणाला. मागे डुकरीण खोकत होती. आत्ताच खरं सांगावं, असं अस्वलाच्या मनात आलंही. पण कौतुक चालू होतं. पाणी दुसऱ्याच वाटांवर पडलं.

वैशाखात डुकरीण माळावर बसली, ती उठलीच नाही. अस्वल पोचलं तेव्हा तिच्या नाकपुड्या मातीनं बुजल्या होत्या. लेक ती माती पुसत होती. वर न बघता तिनं विचारलं, "मालक, ही धूळ कोणाची म्हणू?"

अस्वलाला मान वर करता येईना. हत्तीसमोर जाऊन त्यानं सगळी धूळ कबूल केली, वाटेची आणि फेऱ्यांचीही. हत्तींनी वाट भिजवली, पण तोवर कळप निघून गेला होता. त्यानंतर अस्वलाकडे कोणीही कामाला आलं नाही.

तात्पर्य एवढंच : आपल्या कामासाठी जे येतात-जातात, त्यांच्या वाटेवरचं नुकसानही आपलंच धरावं आणि ते वेळेवर सांगावं.