बोलावणे न आलेला बैल

मुलांनो, दूर समुद्रात हैती नावाचे डोंगराळ बेट आहे. तिथे एक म्हातारा बैल राहत असे. त्याचे आईबाप जहाजात कोंबून आणलेले होते आणि त्याचे सारे तरुणपण लांडग्यांच्या उसाच्या चरकाला जुंपलेलेच गेले होते. एके दिवशी बेटावरच्या बैलांनी जू मोडले. लांडगे जहाजे भरभरून चालून आले. बैल डोंगरात शिरून लढले. वर्षानुवर्षे लढाई चालली. शेवटी लांडगे पळाले, पण म्हाताऱ्याचे दोन्ही भाऊ खिंडीत लढताना पडले. त्यानंतर बेटाकडे कोणी फिरकेना. "त्यांच्याशी बोललो तर आपलेही बैल बिथरतील," म्हणून आसपासच्या किनाऱ्यांनी तोंड फिरवले. म्हातारा धक्क्यावर बसून राही. जहाजे दुरून जात; एकही वळत नसे.

एका सकाळी फुटक्या होडीतून एक घोडा किनाऱ्याला लागला. त्याच्या अंगभर जखमा होत्या. "दादा, आमच्या मुलखातही लांडगेच आहेत. लढलो, हरलो. कोणी दारात उभं करत नाही. थोडे दिवस राहू द्या," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी म्हाताऱ्याला कोणी दादा म्हटले होते. त्याने घोड्याच्या जखमा चाटून बऱ्या केल्या, आपल्या वाट्याचा चारा दिला, लांडग्यांना खिंडीत कसे गाठायचे ते शिकवले. तो भावांच्या आठवणी सांगे, आणि घोडा ऐकत बसे.

घोडा निघाला तेव्हा बैलाने त्याला चांगली होडी दिली. "यातलं काही परत नको. तुझ्या मुलखात ज्यांच्या मानेवर जू आहे, त्यांचं तेवढं उतरव."

"शब्द देतो! आणि जिंकलो की पहिलं बोलावणं तुम्हाला."

घोडा जिंकला. त्याने मोठी सभा बोलावल्याची बातमी बेटावर आली. म्हाताऱ्याने वाळूवर शिंगे घासून चकचकीत केली, चारचौघांत काय बोलायचे ते मनाशी घोकले आणि वाट पाहिली. शेवटी एक समुद्रपक्षी धक्क्यावर उतरला.

"दादा, सभा कधीच उरकली. हरणं, माकडं, रानडुकरं, सगळे होते."

"माझं नाव निघालं नाही?"

"निघालं. घोडा म्हणाला, बैलांना बोलावलं तर उत्तरेकडचं बलाढ्य अस्वल नाराज होईल. त्याच्याकडे अजून बैलच राबतात ना!"

 बैलाने विचारले, "आणि जू? उतरलं का?"

"काहींचं उतरलं. बाकीच्यांना उद्या-परवा म्हणत तसंच ठेवलंय."

त्या दिवशी म्हाताऱ्याने चाऱ्याला तोंड लावले नाही. आता कोणालाच जीव लावायचा नाही, असे ठरवून तो किनाऱ्याने एकटाच चालत राहिला. इतक्यात लाटांतून पोहत एक दमलेला गोऱ्हा आला. त्याच्या मानेवर जुवाचा ताजा वळ होता. वर यायला तो भीत होता.

"इथं जू घालतात का?"

"नाही."

"मग येऊ का?"

म्हातारा थबकला. उद्या हाही निघून जाईल, हे त्याला ठाऊक होते. तरी तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने आपला खांदा पुढे केला. "ये. दगड निसरडे आहेत, जपून."

तात्पर्य : केलेले उपकार विसरले गेले की फार एकटे वाटते, तरीही जे दुःख आपण भोगले, त्यातून सुटून आलेल्याला आपण दूर लोटू नये.