सोपानमामाचा अडलेला बोल्ट

एका गावात एक भोळा मामा होता. भोळा हा आपला लोकांचा चांगुलपणा. खरा शब्द वेगळा आहे, पण ही लग्नाची गोष्ट आहे, तेव्हा तो राहू द्या. मामाचं नाव सोपान.

त्याच्या एकुलत्या एका भाचीचं, सुमनचं, लग्न ठरलं होतं. उद्या दुपारचा मुहूर्त, तोही शेजारच्या गावात. बहिणीने, कौसल्येने, फोनवर बजावलं, "दादा, नवरीला मांडवात मामाच आणतो. तू आल्याशिवाय मी पोरीला घराबाहेर काढायची नाही. आणि येताना आबांनाही घेऊन ये."

आबा म्हणजे दोघांचे थोरले चुलते.

"बरं," मामा म्हणाला, आणि बाहेर येऊन बघतो तर मोटारसायकलचं मागचं चाक पंक्चर.

चाक काढायचं तर बोल्ट काढायला हवा. बोल्ट गंजून घट्ट बसला होता. मामाने पाना लावला आणि पान्यावर उभा राहून उड्या मारल्या. पाना सटकला, मामा शेणात बसला आणि बोल्टाचे कोपरे झिजून तो गोटीसारखा गुळगुळीत झाला.

गाडी ढकलत तो इस्माईल मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "अहो मामा, अडलेल्यावर जोर करायचा नसतो. तेल सोडायचं आणि लांब बसून वाट बघायची. आता रात्रभर मुरू द्या. उद्या सकाळी या."

"बरं," मामा म्हणाला, आणि उरलेल्या तेलाचा डबा घेऊन घरी निघाला.

वाटेत पारूवहिनींची म्हैस रस्त्याच्या मधोमध बसली होती. वहिनी दावं ओढून घामाघूम झाल्या होत्या. "भावजी, जरा हात लावा हो! मघापासनं अडून बसलीय."

"जोर करायचा नसतो, वहिनी." मामाने डबा म्हशीच्या पाठीवर ओतला आणि लांब कट्ट्यावर जाऊन बसला. म्हशीने त्याच्याकडे पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. दोघींच्या डोळ्यांत एकच भाव होता.

"काय करावं या माणसाला!" वहिनी ओरडल्या. "जनावर हाय ते! अडून बसलं की मागनं जायचं अन् शेपूट पिरगळायची. कळलं का?"

"बरं," मामा म्हणाला.

सकाळी तो आबांना न्यायला गेला. आबा रुसले होते. आमंत्रण फोनवरून आलं, अक्षता घेऊन दारात कुणी आलं नाही, याचा राग. नवं धोतर नेसून, फेटा बांधून, पायात वहाणा घालून ते ओट्यावर रुसून बसले होते.

"मी इथनं हलायचा नाही," आबा म्हणाले.

मामाने ओळखलं. अडून बसलंय. तो मागून गेला. शेपूट सापडेना. धोतराचा कासोटा सापडला. मामाने तो दोन्ही हातांनी धरला आणि चांगला पिरगळला. आबा ताडकन उठले, म्हणजे उपाय लागू पडला. धोतर मात्र खाली राहिलं, आणि समोरून बायका पाण्याला चालल्या होत्या.

"गाढवा!" आबा फेट्याने लाज झाकत ओरडले. "अडून बसलेल्याच्या पाया पडावं. चूक कबूल करावी. दोन गोड शब्द बोलावेत. मग तो नरमतो!"

"बरं," मामा म्हणाला. आबांच्या पाया मात्र तो पडला नाही. आबा आता उभे होते.

तो थेट मिस्त्रीकडे गेला. बोल्ट अजून अडलेलाच. मामाने चपला काढल्या, बोल्टापुढे गुळाचा खडा ठेवला आणि डोकं टेकलं. "आमचं चुकलं. काल तुमच्या अंगावर उड्या मारल्या. पोटात घाला. भाचीचं लग्न आहे, आता बाहेर या."

बोल्ट आला नाही. गुळाला मुंग्या आल्या.

मिस्त्री पोट धरून हसला. मग मुहूर्ताची आठवण होऊन घाईला आला. "मामा, लोखंडाला गोड बोलणं कळत नाही. लोखंड अडलं की तापवायचं. तापलं की पकड सोडतं." त्याने बत्ती पेटवली, बोल्ट तापवला, हातोडीने हलके ठोके दिले आणि मोठ्या पान्यात धरून फिरवला. बोल्ट निमूट बाहेर आला. पंक्चर निघालं, नवा बोल्ट बसला.

मामा बघतच राहिला. "लोखंड अडलं की तापवायचं," असं घोकत तो निघाला.

आबांच्या दारात गाडी थांबली तसे आबा मागे येऊन बसले. रुसवा होता, पण जेवण सोडण्याइतका नव्हता.

कौसल्येच्या गावच्या वेशीपाशी पेट्रोल संपलं. मांडव समोर दिसत होता. पायी निघाले असते तर पान रंगायच्या आत पोचले असते. पण नवरीचा मामा पायी आला तर लोक काय म्हणतील, असं आबांना वाटलं. मामाने टपरीवरून बाटलीत पेट्रोल घेतलं. आता टाकीचं झाकण उघडेना.

"लोखंड आहे," मामा म्हणाला. "तापवायला हवं."

आबा शहाणे होते. "अरे, टाकीत पेट्रोल असतं ना?"

"असतं तर थांबलो असतो का, आबा?"

आबांना पटलं. काडेपेटीही आबांनीच दिली.

मामाने बाटलीतल्या पेट्रोलात चिंधी बुडवली, झाकणावर ठेवली आणि पेटवली. टपरीवाला टपरी सोडून पळाला. मामा आबांना घेऊन लांब पारावर जाऊन बसला, कारण वाट बघायची तर लांब बसायचं, हे तो शिकला होता. म्हणूनच दोघे वाचले.

धडाम! झाकण सुटलं आणि बाभळीवरून पलीकडच्या शेतात गेलं.

मांडवात नवरदेव कधीचा पाटावर उभा होता. अंतरपाट धरून दोघांचे हात दुखत होते. भटजी येत होती ती सगळी मंगलाष्टकं म्हणून आता न येणारी म्हणत होते. लोक मुठीत अक्षता आणि पोटात भूक घेऊन ताटकळले होते. तेवढ्यात बार ऐकू आला. लोकांना वाटलं, लागलं लग्न! बँड वाजला. भराभर अक्षता पडल्या. अंतरपाट खाली आला. नवरदेवाने हार पुढे केला, तर पलीकडे कुणीच नव्हतं. हे कुणाला सांगावं म्हणून त्याने मागे पाहिलं, तर पहिली पंगत बसली होती.

मामा शेत धुंडाळून, काळाठिक्कर होऊन बहिणीच्या दारात पोचला. कौसल्येने त्याला पाहून हंबरडा फोडला. "दादा, पोरगी अजून आत तुझी वाट बघत बसलीय रे! आणि तिकडं तिचं लग्न लागून गेलं!"

"रडू नको, कौसे," मामा म्हणाला, आणि रुमालात धरलेलं झाकण त्याने तिला दाखवलं. "लई अडलं होतं. पण सुटलं बघ."